गाडीतली बारीक शीळ

गाड्यांमध्ये स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवून देणाऱ्या त्या माणसाला सगळे भोंगेवाले म्हणायचे. गॅरेजच्या पुढच्या भागात ते काम करायचे आणि मागच्या भागात त्यांची बायको सीटची कव्हरं शिवायची. मधे दार नव्हतं, त्यामुळे भांडायला कुणाला जागेवरून उठावं लागत नसे.

"तुमचं ते धडाम् धडाम् कमी करा, माझी टीप वाकडी जातेय!" ती ओरडायची. भोंगेवाले आवाज थोडा आणखी वाढवायचे.

एके सकाळी पोहायला शिकवणारी एक तरुणी गाडी परत घेऊन आली. भोंगेवाल्यांनी नुकतीच तिच्या गाडीत नवी वायर ओढली होती, दारांत स्पीकर आणि डिकीत अ‍ॅम्प्लिफायर बसवला होता.

"काका, गाणं छान वाजतं. पण मागे सतत शीळ येते. गाडी पळवली की तीही चढते."

त्यांनी इंजिन चालू केलं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला, मान तिरकी करून ऐकलं.

"कुठाय? काहीच तर नाही."

"आत्ताही येतेय की!"

तेवढ्यात मागचं शिवणयंत्र थांबलं. दातांत दोरा धरून बायको बाहेर आली. "येतेय हो. कानाशी डास आल्यासारखी."

भोंगेवाल्यांनी स्पीकरच्या जाळीला कान लावला. काही नाही. दुसऱ्या दाराशी गेले. तिथंही काही नाही. दोघी त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा उतरला.

"गाडी ठेवून जा. बघतो," ते तुटकपणे म्हणाले.

ती गेल्यावर ते स्टुलावर बसून राहिले. "दुकान बंद करू या. ज्याला ऐकूच येत नाही, त्यानं आवाजाचा धंदा काय करायचा?"

"घरची बेल वाजली की हल्ली मीच उठते. मला वाटायचं, तुम्ही आळस करता."

"मग सांगायचं नाहीस?"

"सांगितलं की. ऐकू आलं नसेल."

त्यांना हसायचं नव्हतं, पण हसू फुटलंच. तोवर बायकोनं ड्रायव्हरच्या सीटवर बसून इंजिन चालू केलं होतं. "हात धडधाकट आहेत ना तुमचे? मग शोधा. मी ऐकते."

त्यांनी गाणं अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत नेणारी केबल उपसली.

"थांबली!" ती म्हणाली.

म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर ठीक होता, शीळ वाटेत कुठेतरी शिरत होती. त्यांनी गालिचा उचलला. बॅटरीची जाड वायर आणि ती बारीक केबल एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. त्यांनीच घाईत तशा बांधल्या होत्या. त्यांनी केबल सोडवून गाडीच्या दुसऱ्या अंगानं नेली आणि पुन्हा जोडली.

"निम्मी झाली."

मग ते डिकीत वाकले. अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगची वायर रंगावरच आवळली होती, पत्र्याला नीट टेकतच नव्हती. पॉलिश पेपरनं घासून त्यांनी खालचा पत्रा चकचकीत केला, बोल्ट पुन्हा कसला.

"गेली!"

"नक्की?"

"गेली म्हणते ना. आता नुसतं इंजिन."

त्यांच्या लेखी काहीच बदललं नव्हतं. त्यांनी आजवर स्वतःच्या कानाखेरीज कुणाचा भरवसा धरला नव्हता. क्षणभर ते घुटमळले, आणि मग बायकोच्या शब्दावर त्यांनी गालिचा पुन्हा बसवला. तरुणी आली, एक चक्कर मारून आली आणि खिडकीतून अंगठा दाखवून निघून गेली.

त्यानंतर बायकोनं त्यांना जवळजवळ ओढतच कानांच्या तपासणीला नेलं. वर्षानुवर्षांच्या दणदणाटानं बारीक सूर गेले होते. ते परत येणार नव्हते, पण कानाला यंत्र लावलं तर बरंचसं कळणार होतं आणि दणदणाट आवरला तर उरलेलं जपता येणार होतं. यंत्र लावून रस्त्यावर आले, तर खिशातल्या किल्ल्यांच्या आवाजानं भोंगेवाले दचकले. मग मुद्दाम त्या वाजवत चालत राहिले.

आता प्रत्येक गाडी शेवटी बायको ऐकते. मधे तिनं जोडणीही शिकवायला लावली. शिवणकामाचा हात, वायर अशी गुंडाळते की बघत राहावं. परवा स्वतःच्या भावाच्या गाडीतलं सगळं काम तिनं एकटीनं केलं.

भावानं विचारलं, "भावोजी, तुम्ही काय केलंत मग?"

"टॉर्च धरला," भोंगेवाले ऐटीत म्हणाले. "आणि एकदाही हलू दिला नाही."