सपाट पडद्यावरची अक्षरं

कोरेगावच्या पेठेत आप्पासोंचा छापखाना आहे. तिथं धोंडीबा एकतीस वर्षं अक्षरं जुळवत आला. पहिली पंचवीस शिशाच्या खिळ्यांची, प्रत्येकाच्या टोकाला एकेक उलटं अक्षर. लाकडी पेटीतल्या बारक्या घरांतून एकेक खिळा उचलायचा, ओळीत बसवायचा, ओळ ढिली वाटली तर मध्ये पातळ पट्टी सरकवायची. त्याचा हात न बघता बरोबर घरात जायचा. पुढं खिळे भंगारात गेले, कॉम्प्युटर आला, आणि पन्नाशीला टेकलेला धोंडीबा दोन महिन्यांत तोही शिकला. जुन्या कामातली एकच वस्तू त्यानं जपली. खिळ्याची कड तपासायचं पितळी भिंग. ते कायम सदऱ्याच्या खिशात असायचं.

नव्याण्णवच्या मार्चात सांगलीच्या मेव्हण्यानं आप्पासोंना नवा मॉनिटर आणून दिला. पाठीमागचा ढोल नसलेला, पाटीसारखा सपाट. अख्ख्या तालुक्यात असा दुसरा नाही, असं आप्पासो सांगत, आणि कामधंदा सोडून माणसं तो बघायला येत. आप्पासो स्वतः रोज सकाळी त्यावर मऊ फडकं फिरवत.

त्या पडद्यावर धोंडीबाला अक्षरं पुसट दिसू लागली. दमट कागदावर शाई फुटावी तशा कडा पसरलेल्या. डोळे चोळून तो काम रेटत राहिला. पंधरा दिवसांत दोन चुका गेल्या. दुसरी लग्नपत्रिकेत. मुहूर्त बारा छत्तीसचा आणि छापला बारा एकोणचाळीस. मुलीचा बाप गठ्ठा घेऊन दारात उभा राहिला. धोंडीबानं चारशे पत्रिका पुन्हा छापून दिल्या आणि चूक माझी म्हणाला. त्या कच्च्या प्रतीवर तपासल्याची सही आप्पासोंची होती, हे तो बोलला नाही.

"धोंडीबा, तुमचं डोळं गेलं," आप्पासो म्हणाले. "वय झालं, त्यात लाज कसली? सोमवारपासनं कॉम्प्युटरवर आमची पुतणी बसंल, स्वप्नाली. टायपिंग शिकलीया ती. तुमी कागद कापायच्या मशिनीवर बसा."

"मालक, जुन्या पडद्यावर कवा चुकलो व्हय मी?"

"तवा डोळं हुतं."

खिळे गेले तेव्हा धोंडीबाला दुःख झालं नव्हतं, कारण अक्षरं हातात राहिली होती. आता अक्षरंच जाणार होती.

शनिवारी दुपारी त्याची बायको पारूबाई अंगणात जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत बसली होती. "आवं, जरा सुई ओवून द्या," ती म्हणाली. धोंडीबानं दोरा जिभेनं ओला केला आणि पहिल्याच खेपेला ओवला.

पारूबाई सुईकडं बघत राहिली. "तुमचं डोळं गेल्यात म्हणं."

"कोण म्हणतंय?"

"पेठ म्हणतीया." तिनं पुडीतली दुसरी, केसासारखी सुई काढून दिली. "ही ओवा बरं." तीही ओवली गेली. तेव्हा तिनं दोरा काढून सुई कागदात टोचली आणि कागद त्याच्या खिशात घातला. "ही तुमच्या मालकास्नी द्या ओवायला."

रविवारी छापखाना बंद असतो. किल्ली धोंडीबाकडं होती. त्यानं एकट्यानं मॉनिटर लावला आणि समोर बसून राहिला, पाण्यात गळ टाकून बसावं तसा. पडद्याच्या काळ्या चौकटीवर कंपनीचं नाव पांढऱ्या बारीक अक्षरांत होतं. ते लख्ख दिसत होतं. त्याच्या वर बोटभर अंतरावर पडद्यातली अक्षरं मात्र धुरकट. तेच डोळे, तेवढंच अंतर.

त्यानं भिंग काढून काचेला लावलं. आत घरं दिसली. ओळीनं मांडलेली, खिळ्यांच्या पेटीसारखी, पण मोजता न येण्याइतकी बारीक. अक्षराचा काना एका जागी नीट घरात बसला होता, दुसऱ्या जागी अर्धा शेजारच्या घरात सांडून करडा झाला होता. खिळा असा दोन घरांत कधी बसत नाही.

मॉनिटरबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं, पण आकड्यांना भाषा लागत नाही. आडवी घरं एक हजार चोवीस. मग त्यानं कॉम्प्युटरमधली पडद्याच्या मांडणीची खिडकी उघडली. तिथं आठशे होतं. आठशे ठिपके हजारावर घरांत ताणून बसवले होते.

आणि त्याला आठवलं. मॉनिटर जोडायला आलेल्या पोराला आप्पासो मागून म्हणाले होते, "मुंग्या सोडल्यास व्हय रं? मोठी कर अक्षरं." पोरानं ह्याच खिडकीतली एक पट्टी डावीकडं ओढली होती. धोंडीबानं ती उजवीकडं नेली. पडदा क्षणभर काळा झाला आणि अक्षरं परत आली. लहान, काळी, कोरीव.

सोमवारी स्वप्नाली डबा घेऊन हजर होती. आप्पासो आले आणि पडद्यापुढं थबकले. "ह्या मुंग्या कुणी सोडल्या परत?"

धोंडीबा उठून दारापर्यंत मागं गेला आणि तिथून पडद्यावरची पत्रिका वाचू लागला. नाव, गाव, तिथी, मुहूर्ताचं मिनिट, खालच्या मामांची यादी.

"मला बी दिसतंय, काका," स्वप्नाली म्हणाली. "लय स्वच्छ."

आप्पासो वाकले. आणखी वाकले. नाक काचेला लागायला आलं. मुहूर्त काही त्यांना वाचता येईना. सुई धोंडीबाच्या खिशात होती. ती त्यानं काढली नाही. तो खुर्चीत बसला आणि लिहायच्या प्रोग्राममध्ये पान दुप्पट करून दिलं.

"घरं हायती तेवढीच ठिवायची, मालक. पान मोठं करायचं."

आता अक्षरं मोठी होती आणि कडाही धरून होती. आप्पासोंनी मुहूर्त वाचला, मनातल्या मनात, ओठ हलवत. मग सरळ झाले.

"स्वप्नाली," ते म्हणाले, "खुर्ची घे आणि धोंडीबांच्या शेजारी बस. आधी बघून शिक."

गुरुवारी कागद आणतो म्हणून आप्पासो साताऱ्याला गेले. कागद काही आला नाही. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चष्म्याचं घर आलं. तेव्हापासून कच्च्या प्रतीवर त्यांची सही जरा उशिरा पडू लागली, कारण आता ती वाचून झाल्यावर पडायची.