कावेरीवरच्या बंद पुलावर, अप्पांबरोबर

"तो पूल तोडणार आहेत म्हणे," अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले आणि अर्ध्या ताटावरून उठले. सरकारी खात्यात पूल तपासण्यात जन्म गेला त्यांचा. त्यातला कृष्णराजनगरच्या पुढचा, कावेरीवरचा जुना लोखंडी पूल सर्वांत लाडका. माझ्या लहानपणी रविवारी तिथं जाताना दर वेळी विचारायचे, "येतेस का ग?" मी एकदाही गेले नाही. या रविवारी मात्र मीच गाडी काढली.

घरून, जयलक्ष्मीपुरमहून, सकाळी सातला निघालो. सुरुवातीचा रस्ता झकास आहे, पुढे भातशेतीतून ट्रॅक्टर आडवे येतात, तेव्हा दीड तास धरून चाला. कृष्णराजनगरात सेट दोसा आणि कॉफी, दोघांचं दोनशेच्या आत. तिथून कुणालाही "हळे सेतुवे", म्हणजे जुना पूल, विचारा. पुढे दुकान नाही, पाणी सोबत असू द्या.

पूल दिसला आणि मी ब्रेकच लावला! दोन्ही अंगांना लोखंडी त्रिकोणांची उंच जाळी, निम्म्या फळ्या गायब, खाली संथ कावेरी. तोंडाशी काटेरी फांद्या टाकून वाट अडवलेली. खाली म्हशी धूत असलेली बाई ओरडली, "अय्यो, होगबेडी! जाऊ नका!"

"जात नाही अम्मा, नुसता हात लावतो," अप्पा तिला कन्नडात म्हणाले.

पहिल्याच खांबाशी त्यांनी पिशवीतून हातोडी काढली. मी समजत होते, पिशवीत डबा आहे! "मी अलीकडून रिव्हेटवर बोट ठेवतो, तू पलीकडून ठोक." रिव्हेट, म्हणजे लोखंडी पट्ट्या जोडणारा जाड खिळा, सैल असेल तर बोटाखाली थरथरतं, घट्ट असेल तर नाही. मी दणका दिला.

"निधान, निधान! हळू! नारळ फोडतेस काय?"

अकरा रिव्हेटं घट्ट निघाली. बाराव्याला ते थांबले. "परत ठोक." मग माझंच बोट धरून तिथं टेकवलं आणि वळसा घालून स्वतः ठोकलं. बोटाला बारीक थरथर लागली.

"कळलं?"

"कळलं, अप्पा." मला रडूच फुटलं. एवढंसं शिकायला चाळिशी उलटावी लागली! हुकवलेले ते सगळे रविवार परत हवे होते मला. अप्पा पुलाच्या मध्याकडे बघत होते. तिथवर आता जाता येत नाही. "पुढचं राहिलं ग," म्हणाले.

संध्याकाळी घरी ते कागद घेऊन अहवाल लिहायला बसले. पहिला खांब, बारावं रिव्हेट सैल, बदलावं.

"अप्पा, तो तोडायचाच आहे."

"तोडेपर्यंत उभा आहे ना?"

काय उरलं या प्रवासातून? आणखी एकदा जावंसं वाटणं उरलं, आणि पूल तोवर असेल की नाही, ठाऊक नाही.

अप्पांनी सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "तपासणाऱ्या दोघांच्या लागतात," म्हणाले. त्यांच्या सहीखाली मी माझी केली.