चार बोटं गवत

ज्याचं लग्न मातीच्या चवीवर ठरलं असा चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मी एकटाच असेन, आणि ती चव घेणारा माणूस तर अख्ख्या पृथ्वीवर एकटाच आहे. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मुलगा बघायला म्हणून चार वडीलधाऱ्यांबरोबर ते बल्लारपूरला आमच्या घरी आले होते. बाकीच्यांनी रीतीप्रमाणे माझी नोकरी विचारली, शिक्षण विचारलं, पोरगा तंबाखूचा खर्रा खातो का तेही विचारून घेतलं. मामाजी चहाची बशी तशीच ठेवून परसात गेले, पेरूच्या झाडाखाली उकिडवे बसले, चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. आमचं सगळं घर खिडकीला चिकटलं. आईला वाटलं पाहुण्यांना फीट आली, ती कांदा आणायला धावली. एवढ्यात मामाजी उठले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, आत आले आणि म्हणाले, "कोळशाची भुकटी हाये जराशी, पण आंबट नाई. द्या पोरगी." बस. माझ्या पगाराचा आकडा माझ्या तोंडातच राहिला, तो आजपर्यंत सासरच्या कुणी विचारलेला नाही.

त्यांचं गाव मुलचेऱ्याच्या पुढे, जिथे रस्ता जंगलाला विचारत विचारत पुढे सरकतो. उंचीनं ते माझ्या खांद्यालाही लागत नाहीत, पण सकाळी आखरावर, म्हणजे गावची गुरं रानात जायच्या आधी जिथे गोळा होतात तिथे, ते काठी घेऊन उभे राहिले की मोठमोठे बैल बाजूला सरतात. त्या काठीनं ते शेण उलटून पाहतात. एखादा ज्योतिषी कुंडली मांडत नसेल इतकं मन लावून. एकदा माझ्यासमोर त्यांनी शेणाचा एक पो उलटला, हुंगला, आणि गाईच्या मालकाला सांगितलं, "काल हिले नुसती धानाची तणीस टाकली तुमी. मीठ नाई, पाला नाई. घरात भांडण झालं का?" तो माणूस वरमून म्हणाला, "हो भाऊ, बायको माहेरी गेली." शेणातून बायकोचं माहेर वाचणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. पुढे गावात अशी दहशत बसली, की नवरा-बायको भांडले तरी आधी गाईला पोटभर चारून घेत आणि मग भांडत.

राखेचं प्रकरण त्याहून भारी. गावाचं बारा एकरांचं गायरान होतं. तांबडी मुरमाड जमीन, वर तरोट्याचं रान, आणि तरोट्याला गाय तोंड लावत नाही. मामाजींनी तिथली माती मलाही चाखायला लावली होती, लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत. "आंबट व्हय का नाई?" त्यांनी विचारलं. मला ती नुसतीच माती लागली, पण नवा जावई काय बोलणार, मी "हो, फार आंबट" म्हणालो आणि मागे जाऊन तीन वेळा चुळा भरल्या. आंबट मातीला राख लागते, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी घराघरातल्या चुलीची लाकडाची राख मागायला सुरुवात केली. गावात भांडी घासायला राख उरली नाही. शेजारच्या बंगाली वस्तीत मुरमुऱ्याची भट्टी होती, तिची राख आणायला सायकलवर पोतं घालून जायचे आणि परत येताना नखशिखान्त असे पांढरे होऊन यायचे, की लहान पोरं घरात पळायची. एका लग्नात तर सगळं वऱ्हाड जेवत असताना हे आचाऱ्याच्या चुलाण्याजवळ जाऊन बसले. "भाऊ, जेवून घ्या," म्हटलं तर म्हणाले, "आधी हे राख थंडी होऊ द्या."

आणि खिसे! त्यांच्या प्रत्येक खिशात स्टायलोचं बी असतं. स्टायलो म्हणजे शेंगवर्गातलं चाऱ्याचं झुडूप. त्याच्या मुळांवर गाठी येतात आणि त्या हवेतलं नत्र ओढून मातीला देतात. हे मला त्यांनी सत्तावीस वेळा सांगितलं आहे. एका पावसाळ्यात बांधावर बसून गुरं बघण्यात ते इतके गुंगले, की मामींनी सदरा धुवायला घेतला तेव्हा खिशाला कोंब फुटले होते. मी स्वतः पाहिले, दोन-दोन पानांचे. मामी म्हणाल्या, "धुवू का खुरपू?" हाताने पेरून पुरणार नाही म्हणून ते बी गुळात कालवून आपल्या कवडी गाईला चारत, म्हणजे ती जिथे शेण टाकेल तिथे खतासकट पेरणी. कवडी सहा महिने गायरानभर पेरणी करत हिंडली. तिच्याइतकी शिस्तीची मजूर तालुक्यात नव्हती.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं तोवर ठीक होतं. मग रस्त्याचं काम निघालं आणि ठेकेदाराला मुरूम हवा झाला. गायरानात मुरूमच मुरूम. ग्रामसभा बसली. सरपंचबाई सरळ बोलणाऱ्या, त्या म्हणाल्या, "भाऊ, तिथी गवत नाई, काडी नाई. खणू द्याले काय होते?" मामाजी उभे राहिले. माती एकदा खणून नेली की सात पिढ्या ती परत येत नाही, हे ते सांगू लागले. गावची गुरं राखणारा गायकी मागून ओरडला, "भाऊ, माह्या गाई का तुमचं भाषण खातीन?" लोक हसले. मामाजींनी हसू ओसरू दिलं आणि म्हणाले, "दोन एकर द्या मले. कुंपण करतो, दोन पावसाळे कोणतंच जनावर आत नाई. दुसऱ्या पोळ्याले गुडघाभर गवत नाई दिसलं, तं पूर्ण बारा एकर खणा. मी पहिलं घमेलं उचलतो."

पहिल्या वर्षी काही खास झालं नाही. दुसऱ्या वर्षी, पोळ्याला तीन आठवडे होते तेव्हा मी गेलो, आणि बांबूच्या कुंपणापाशीच थबकलो. मारवेल आणि पवना गवत कमरेइतकं, मध्ये स्टायलोची पिवळी फुलं, वारा आला की दोन एकर एकदम कूस बदलत होते. आता असं दृश्य पाहिल्यावर फोटो नको का? मी कुंपणाची ताटी सरकवून आत गेलो, गवतात बसून, उभा राहून, पाठमोरा असे चौदा फोटो काढले, ते सासरच्या गटात टाकत टाकत घरी आलो आणि चहाला बसलो. ताटी उघडी.

दुपारी कुणीतरी बोंबलत आलं. आम्ही पोचलो तेव्हा गावच्या गुरांचं सगळं खांड आत होतं. दोनशे गुरं. आवाज म्हणजे नुसता कचाकचा, जणू दोनशे लोक एकाच पंगतीत पापड खाताहेत. कवडी सगळ्यांच्या पुढे, पेरणारीच्या हक्कानं. गायकी मोहाच्या झाडाखाली बसला होता आणि त्याच्या तोंडावर फार वाईट वाटल्याचं काही दिसत नव्हतं. लोक काठ्या घेऊन धावले. बारा एकर जमीन, या माणसाची दोन वर्षं आणि सगळ्या चुलींची राख, मी चौदा फोटोंत घालवली होती.

"थांबा!" मामाजी ओरडले. "आता तोंड लावलंच हाये तं नीट खाऊ द्या. अर्धवट सोडलं तं राह्यलेलं जून होते." आणि ते चक्क जमिनीवर पालथे झाले, गाल मातीला लावला, आणि गाईंच्या तोंडांमधून गवताच्या खुंटांशेजारी हात आडवा धरून बोटं मोजू लागले. दोनशे गुरांच्या खुरांमध्ये तो एवढासा माणूस सरपटत होता, आणि एकाही गुराचा पाय त्यांना लागला नाही, हे मी कुणाच्याही गळ्यावर हात ठेवून सांगायला तयार आहे. जिथे गवत चार बोटांवर आलं, तिथून ते गुरं हटवायचे. "चार बोटं ठेवाचे. त्यात जीव राह्यते." दिवस कलायच्या आत सगळं खांड बाहेर निघालं. मागे उरली चार बोटं खुंटं, आणि शेणाचे पो.

सरपंचबाई आल्या. त्यांनी कंबरेवर हात ठेवून विचारलं, "ताटी कोणं उघडी ठेवली?"

मी तोंड उघडलं. मामाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्या."

"काऊन भाऊ?"

"बुढा झालो बाई. इसरलो."

घरी येताना मी रडकुंडीला येऊन माफी मागितली, तर ते म्हणाले, "जवाईबुवा, मले तं हेच दाखवाचं होतं. खाल्लं तरी येते म्हणून. माही हिंमत होत नोती." खरं होतं की माझ्यासाठी रचलेलं, ते मला आजही ठरवता येत नाही. थापा ओळखण्यात मी जातिवंत आहे, पण त्या दिवशी माझा धंदा बुडाला.

ते तीन आठवडे मी दर रविवारी बल्लारपूरहून गाडी मारत गेलो. पहिल्या रविवारी हिरवी लव, दुसऱ्या रविवारी घोट्याच्या वर, आणि जिथे जिथे पो पडला होता तिथे गडद हिरवे गोल. पोळ्याला बैल सजवून सगळा गाव कुंपणाशी आला आणि भलताच वाद निघाला, की गुडघाभर म्हणजे कुणाच्या गुडघ्याइतकं? गायकी ताडमाड, मामाजी ठेंगणे. सरपंचबाईंनी निकाल दिला, "ज्याले खाचं हाये, त्याचा गुडघा." मग झूल घातलेला, शिंगं रंगवलेला एक बैल आत नेऊन उभा केला. गुडघे दिसेनात. शेवटी गायकीच पुढे आला, त्यानं वाकून गवत मुठीत धरलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "म्या सोताच्या डोयासमोर चारलं हे. भाऊ, आता परत कधी सोडाचं?" मुरमाचा विषय तिथेच संपला. आज बारा एकरांचे सहा तुकडे आहेत, गुरं एकातून दुसऱ्यात फिरतात, आणि ती केव्हा हलवायची ते गायकी ठरवतो, हाताची चार बोटं आडवी धरून.

गेल्या वर्षी मामाजींना मोठा ताप आला. त्यातून उठले, पण जिभेची चव गेली ती गेलीच. मामी म्हणतात, आता भाजीत मीठ विसरलं तरी गपचूप जेवतात. मागच्या महिन्यात गेलो तर मला गायरानात घेऊन गेले, हळूहळू, काठी टेकत. बसले, चिमूटभर माती उचलली, सवयीनं स्वतःच्या तोंडापर्यंत नेली, थांबले, आणि हात माझ्यापुढे केला.

"तुमी पाहा जवाईबुवा. पण गप्पा नोका हाणू."

मी माती जिभेवर ठेवली. डोळे मिटले. घाई केली नाही.

"आंबट नाही, मामाजी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग आम्ही बाहेर आलो, आणि मी ताटी लावली, आणि परत मागे जाऊन एकदा ओढून पाहिली.