नानांचं नाव छापेपर्यंत

धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका मीच करणार, असा माझा हट्ट होता. धुळ्यात माझं टायपिंग-छपाईचं छोटं दुकान. जळगावच्या माझ्या सरांनी दिलेल्या सीडीवरचा एक फुकट प्रोग्रॅम मी पत्रिकांसाठी वापरायचे. त्याचा मूळ कोडही खुला होता, हवा तसा बदला.

आमच्याकडे पत्रिकेत निमंत्रक म्हणून अख्ख्या भाऊबंदकीची नावं लागतात. एखादं राहिलं, की तो माणूस लग्नाला यायचा नाही आणि वर्षानुवर्षं तोंड फिरवायचा. नाना, म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे चुलतभाऊ, शेताच्या बांधावरून आधीच अबोला धरून होते. मध्यस्थांनी कसंबसं त्यांना नावासाठी राजी केलं, तोवर बाकी नावं लिहून झाली होती. त्यामुळे नानांचं शेवटी आलं. गावात वाटायच्या पत्रिका न्यायला ते दुपारच्या एसटीने येणार होते.

सकाळी आबांनी नमुना हातात घेतला आणि ओरडले, "नानानं नाव कोठे शे?"

मी टाइप केलं होतं. पडद्यावर दिसत होतं. कागदावर मात्र नाही. पुन्हा छापलं, पुन्हा तेच. "मेल्या, हेच एक नाव सापडलं का गिळायला?" मी कॉम्प्युटरवर खेकसले. आबा म्हणाले, पेनाने लिही. पण हाताने घुसडलेलं नाव नानांनी पाहिलं असतं, तर आगीत तेलच!

मग डीबगर लावला. चालता प्रोग्रॅम मधेच थांबवून आत डोकावायचं ते साधन. नावं मांडायच्या जागी त्याला अडवलं आणि एकेक नाव पुढे जाऊ दिलं. नानांच्या आधीच्या नावाशी सगळं आटोपलं. तिथे एक आकडा बसला होता: एका चौकटीत जास्तीत जास्त किती ओळी. तो लिहिणाऱ्या बिचाऱ्याला वाटलं असेल, लग्नाला बोलावणारे असून असून किती असणार! त्याला आमची भाऊबंदकी काय माहीत. प्रोग्रॅम पुन्हा चालवला, सुरुवातीलाच थांबवला, तिथल्या तिथे आकडा वाढवला आणि म्हटलं, चल आता. नानांचं नाव तळाशी उमटलं. हुश्श! मी खुर्चीत अंगच टाकलं. मूळ कोड नंतर सवडीने बदलला.

नाना आले. आबांकडे न बघता त्यांनी पत्रिका घेतली. बोट वरून खाली सरकत गेलं, तळाशी थांबलं.

"मन्हं नाव बठ्ठासना खाले काबर?"

सगळ्यांच्या खाली का, म्हणे! आबांचा चेहराच उतरला. माझा मात्र तोल गेला. "नाना, ते एक नाव यावं म्हणून सकाळपासून जीव टांगणीला लागलाय माझा! वर-खाली काय घेऊन बसलात?"

नाना वळून थेट आबांना म्हणाले, "भाऊ, पोर तापट शे तुन्ही. चाल घर, भूक लागनी."

आबा इतक्या घाईने उठले, की नानांच्याच चपला घालून निघाले. नानांनी ते पाहिलं, आणि मुकाट्याने आबांच्या चपला पायात सरकवल्या.