सिफिवोचं नाव तीनदा पुकारलं

सिफिवो माकेलेनीला मी आठ वर्षं 'भुती' म्हणत आलो. भुती म्हणजे आमच्या खोसा भाषेत मोठा भाऊ. आता म्हणताना जीभ अडखळते, आणि अडखळलीच पाहिजे मेली.

तो दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या पोर्ट एलिझाबेथच्या बस डेपोत मेकॅनिक. आम्ही ट्रायथलॉन करतो, म्हणजे एकाच दिवसात आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. चाळिशीत पोहायला शिकला, तोही थेट समुद्रात. त्याच्या पोहण्याला शैली वगैरे काही नाही, पाण्याशी नुसता भांडतो. सायकल जुनी आणि उंचीला आखूड, चालवताना गुडघे कानाला लागतात की काय असं वाटतं. पण पळायला लागला की बघावं! शेवटच्या दहा किलोमीटरला आम्ही सगळे लंगडत असतो आणि हा पठ्ठ्या चर्चमधली गाणी म्हणत असतो. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याला बायकोच्या, नोबांतूच्या हातचा मका आणि घेवडाच लागतो. "तुमची ती पाकिटातली जेली तुम्हीच चाटा," म्हणायचा.

मी मोंडे. शाळेत भूगोल शिकवतो, आणि क्लबात आकडे सांगतो. माझ्याकडे एक वही आहे. कुठल्या कोर्सला, म्हणजे शर्यतीच्या मार्गाला, समुद्र कसा, सायकलला चढ किती, वारा कुठून, उकाडा किती, आणि प्रत्येक वयोगटात जागतिक स्पर्धेत जायची शेवटची जागा किती वेळात आलेल्याला मिळाली, हे सगळं तिच्यात. आमच्या क्लबात कुणीही फॉर्म भरायच्या आधी माझ्याकडे येतो. नवी पोरं म्हणतात, युरोपातल्या त्या सपाट कोर्सला जाऊ, तिथे वेळ भारी लागते. अरे गाढवांनो, तिथे सगळ्यांचीच वेळ भारी लागते! तिथे साडेदहा तासांत येऊनही जागा मिळत नाही. आणि इथे आमच्या वाऱ्यात भलेभले गळतात, चिवट माणूस अकरा तास वीस मिनिटांत येऊन जागा घेऊन जातो. "भुती, तुझी जागा इथेच आहे," हे मी सिफिवोला आठ वर्षांपूर्वी सांगितलं. तेव्हापासून तो दरवर्षी इथेच पळतो, आणि दरवर्षी थोडक्यात हुकतो. परदेशातल्या त्या जागतिक स्पर्धेला एकदा तरी जायचं, बस्स. त्याला दुसरं काही नको होतं.

यंदा आम्ही दोघंही पंचावन्न ते एकोणसाठच्या गटात. शेवटच्या फेरीत त्याने मला मागून गाठलं, पाठीवर थाप मारली, "चल रे म्हाताऱ्या, झोपलास का?" म्हणाला आणि निघून गेला. तो चौथा आला. मी चार मिनिटांनी पाचवा.

गटात जागा दोन. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये वाटतात. ज्याची पाळी त्याने नको म्हटलं, किंवा तो हजरच नसला, तर जागा खालच्याकडे उतरते. नाव तीनदा पुकारतात. माणसाने स्वतः उभं राहून 'हो' म्हणायचं. फोन, चिठ्ठी, बायको, काही चालत नाही.

संध्याकाळी गाडीत सायकल चढवताना सिफिवोने विचारलं, "मोंडे, खरं सांग. चौथ्यापर्यंत उतरेल का रे? उद्या ड्यूटी आहे. रजा मागितली तर साहेब देईल, पण कुरकुर करेल."

मी वही उघडली. खोटी खोटी पानं उलटली. खोटी म्हणतोय, कारण मला सगळं पाठ होतं. पहिला आलेला ऑस्ट्रियन, त्याने फेब्रुवारीतच दुसऱ्या कोर्सला जागा घेतली होती, त्याला इथली नको होती. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं ते. तिसरा ब्लूमफाँटेनचा, तो सकाळी माझ्यापाशी बोलला होता की बायको विमानात बसत नाही, मिळाली तरी मी नको म्हणणार. म्हणजे जागा कुणाच्या? दुसऱ्याची आणि चौथ्याची. यात कसलं आलंय गणित!

आणि चौथा हजर नसला तर पाचव्याची.

"नाही रे भुती," मी म्हणालो. "यंदा वरचे सगळे घेणारे आहेत. तू जा ड्यूटीवर."

"बरं," तो म्हणाला. एवढंच. वहीत डोकावलासुद्धा नाही. आठ वर्षांत कधी डोकावला नव्हता.

तोंडातून निघून गेलं, दमलो होतो, डोकं चालत नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ समजावून पाहिलं. पण डोकं चांगलं चालत होतं. दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून मी त्या हॉलमध्ये गेलो ते काय गंमत बघायला? इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो, लाज नाही लज्जा नाही.

ऑस्ट्रियन आलाच नव्हता. दुसऱ्याने जागा घेतली. तिसऱ्याने बसल्या जागेवरून हात हलवला.

"सिफिवो माकेलेनी!"

क्लबची सगळी मंडळी माझ्याकडे वळली.

"सिफिवो माकेलेनी!"

"अरे मोंडे, फोन लाव की त्याला! कुठाय तो?" बेरेनिस ओरडली. ती आमच्या क्लबची सेक्रेटरी. डेपो तिथून दहा मिनिटांवर. मी फोन काढून कानाला लावला. नंबर दाबलाच नव्हता. "उचलत नाहीये," म्हणालो.

तिसऱ्यांदा नाव पुकारलं. मग माझं. मी उभा राहिलो आणि 'हो' म्हणालो. टाळ्या वाजल्या.

संध्याकाळी सिफिवो दारात हजर. डेपोच्याच कपड्यांत, हातात नोबांतूने वाफेवर उकडलेला पाव, अजून गरम. मला उचलूनच घेतलं त्याने. "आपल्या क्लबातलं कुणीतरी चाललंय! आणि तोंड का पाडलंयस? गणितच आहे, चुकायचंच कधीतरी."

तीन आठवडे मी असाच गप्प राहिलो. लोक अभिनंदन करायचे आणि मी दात काढायचो. शेवटी एका दुपारी शाळा सुटल्यावर डेपोत गेलो. सिफिवो एका बसखाली उताणा पडला होता, नुसते बूट दिसत होते. म्हटलं, बरंच झालं, तोंड दिसत नाही तोवर बोलून घे. ऑस्ट्रियनचं सांगितलं, ब्लूमफाँटेनवाल्याचं सांगितलं. ते बूट हलले नाहीत.

मग तो बाहेर सरकला आणि चिंधीने हात पुसत बसला.

"बायको विमानात बसत नाही, हेसुद्धा माहीत होतं तुला?"

"होतं."

"आणि फोन?"

मी खिशातल्या फोनवर हात ठेवला.

"सगळे म्हणाले, मोंडेने फोन केला, तू उचलला नाहीस. माझ्या फोनवर तुझा कॉलच नव्हता. मी म्हटलं, डेपोत नेटवर्क नसतं. सगळ्यांना तेच सांगितलं मी. नोबांतूलापण." तो चिंधीकडे बघत होता. "डेपोत नेटवर्क चांगलं आहे, मोंडे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. म्हटलं, "भुती, मी जात नाही. जागा परत करतो."

"परत करून काय होणार? ती मला मिळते का?"

"नाही."

"मग जा. फुकट घालवू नको. नोबांतूला मात्र यातलं काही सांगू नको, ती तुला पुन्हा घरात घेणार नाही." तो परत बसखाली सरकायला लागला, आणि अर्ध्यातच थांबला. "आणि एक कर. आल्यावर मला वेळ सांगू नको."

आठ वर्षं आम्ही शेवटची रेघ ओलांडली की पाणी प्यायच्याही आधी एकमेकांना वेळ विचारायचो.

मी गेलो. होय, गेलो. परत आल्यावर शनिवारी क्लबात सगळ्यांनी घेरलं, किती तास लागले, किती तास लागले. सिफिवोही होता. त्याने हात मिळवला, गुडघा कसा आहे विचारलं, तिकडे जेवण बरं होतं का विचारलं. मग बेरेनिसजवळ जाऊन म्हणाला, "पुढच्या वर्षीसाठी कुठला कोर्स बरा, जरा तू बघून सांगशील का?"