ठवकरबाईंचं कार्ड

शेखर सरांचं नाव काढलं की ज्योती ठवकरच्या तळपायाची आग मस्तकात जाते. का जाऊ नये? उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये ती सोळा वर्षं दुरुस्तीचं काम करते, गुढियारीहून धूळ खात स्कूटीनं येते, आणि हा तेलीबांध्याच्या भारी वस्तीत राहणारा माणूस सहा महिन्यांपूर्वी तिचा साहेब म्हणून उगवला.

भट्टीच्या पॅनलवर तापमान दाखवणारा जुना कंप्युटर मेला तेव्हा ज्योतीनं पंजाएवढा एक बोर्ड आणला आणि त्याच्यासाठी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टम बांधायला घेतली. तयार सिस्टम उठायलाच दीड मिनिट घेते, नको ती शंभर लफडी सोबत आणते. हिनं एकेक काढून फेकलं. कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, बांधताना जुना लॅपटॉप चार-चार तास घुरघुरायचा. सासू विचारायची, "काहून वं, मिक्सर चालूच ठेवला का?" सत्तावीस वेळा बोर्डानं दाद दिली नाही. अठ्ठाविसाव्या वेळी पडद्यावर ओळी धावल्या, अकराव्या सेकंदाला आकडा आला, आणि बाई चक्क रडली.

खरी मेख होती भट्टीवाला भैय्यालाल. पाळी सुरू होताना तो पॅनलचा मेन स्विच तीनदा बंद-चालू करतो. जुनं पॅनल तसंच जागं व्हायचं, ती सवय हाताला लागली ती लागलीच. "मसीन ला जगाए बर परथे, दीदी," छत्तीसगढीत म्हणतो, मशीनला जागं करावं लागतं म्हणे. आता सिस्टम राहते बोर्डात खोचलेल्या नखाएवढ्या कार्डावर; त्याच्यावर काही लिहिणं चालू असताना वीज गेली, की कार्ड खलास. म्हणून ज्योतीनं कार्डावर लिहायला बंदीच घातली. सिस्टम एकदा बोर्डाच्या मेमरीत चढली की कार्डाला हात लावत नाही. मार म्हणावं किती खटके मारतो ते!

सोमवारी सकाळी मिलचे मालक सेठजी नवं पॅनल बघणार होते. ज्यानं बनवलं तो कंट्रोल रूमचा इन्चार्ज. याच खुर्चीसाठी ज्योती सोळा वर्षं थांबली होती.

शनिवारी शेखर म्हणाला, "ज्योतीजी, कार्ड दीजिए, चेक करना है." मूळचा पक्का नागपूरचा माणूस, पण मराठी बोलायला याची जीभ झिजते. संध्याकाळी ते परत आल्यावर ज्योतीनं बोर्ड चालू केला तर पहिल्याच पडद्यावर मोठ्ठं नाव: शेखर. वर नोंदी साठवायच्या म्हणून लिहिण्याची बंदीही उठवलेली.

"सर, भैय्यालाल खटके मारते. कार्ड मरन."

"उसको मना कर देंगे."

कशाचं मना करतो! भट्टीवाल्याशी बोलणं म्हणजे याला कमीपणा. ज्योतीनंही भैय्यालालला सांगितलं नाही. मुद्दाम नाही सांगितलं.

सोमवारी पावणेआठला शेखरनं सेठजींना आपलं नाव दाखवलं. आठाला भैय्यालाल आला, भट्टीला हात जोडले आणि खट, खट, खट. काळ्या पडद्यावर चार ओळी आल्या आणि सगळं गार.

"घर का जुगाड़ है, सेठजी! ज्योतीजी ने बनाया है!"

"मघाशी तर तुमचं होतं नं, सर," ज्योती म्हणाली. डब्याच्या पिशवीतून तिनं आपलं मूळ कार्ड काढलं आणि लावलं; शनिवारी सरांना दिली होती ती नक्कल. अकरा सेकंद. आकडा आला.

"किसने बनाया?" सेठजींनी विचारलं.

"हमारी टीम ने," शेखर म्हणाला. निर्लज्ज!

ज्योतीनं चालत्या बोर्डातून कार्ड उपसलं. शेखर किंचाळला. आकडा मात्र जागचा हलला नाही.

"मेमरीत हाय, सर. वीज हाय तोवर चालन. चारले पाळी बदलते. येणारा भैय्यालालचाच चेला हाय, तोही तीन खटके मारते. मंग तुमचं कार्ड लावा."

कार्ड पर्समध्ये टाकून ती दारापर्यंत गेली. मागून आवाज आला. सहा महिन्यांत पहिल्यांदा शेखरच्या तोंडून मराठी निघाली होती, "ताई, थांबा ना. तुम्हीच बनवलंय, मला माहीत आहे."

"हिंदीत बोला," ज्योती वळून म्हणाली. "सेठजीले समजलं पाहिजे."