कोपर, कासव आणि कुसुमबाई

लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक म्हणजे चोवीस पानं, आणि एका पानावर जास्तीत जास्त दोन वाक्यं. एका बाईचं अख्खं आयुष्य त्यात बसवायचं म्हणजे निम्म्याहून जास्त बाहेरच राहतं. ते बाहेर राहिलेलं जातं कुठं? आमच्या पोटात! आणि पोटात राहिलं की दुखतं, म्हणून सांगून टाकते.

आम्ही तिघं. मी, पस्तीस वर्षं तिसरी-चौथीला शिकवून रिटायर झालेली. चित्रं काढते छावणीतली नाझिया. आणि पैसे घालतात भालेराव सर. सरांचा जन्म वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी तपासण्यात गेला, त्यामुळं पुस्तकही ते नट-बोल्टासारखं तपासतात. आपल्या भागात पहिल्यांदा मैदानात उतरलेल्या बायकांची पुस्तकं करायची, असं आमचं ठरलं. पाच केली. त्यातलं कुसुमबाईंचं लई अवघड गेलं, कारण त्यात एका नातीची आजी पणाला लागली होती. ते शेवटी सांगते.

*

पहिली अडचण फोटोंची. त्या काळी बायका खेळल्या, पण त्यांचे फोटो कुणी काढले? एका कुस्ती खेळलेल्या बाईंच्या घरी गेलो. बाई हयात नव्हत्या. मुलीनं मोठ्या मायेनं ट्रंकेतनं फोटो काढला. बक्षीस समारंभाचा. फोटोत पाहुणे अख्खे, त्यांचा हार अख्खा, माइकसुद्धा अख्खा! आणि कडेला एक कोपर.

"हे आईचं," मुलगी म्हणाली.

नाझियानं त्या कोपरावरनं अख्खी बाई काढली. तीन आठवडे लागले. खांदे, मान, डोळ्यातली जरब, सगळं. आम्ही चित्र घेऊन गेलो. मुलीनं बराच वेळ बघितलं. मग डोळे पुसत म्हणाली, "कोपर अगदी बरोबर आलंय."

*

दुसऱ्या बाई वेटलिफ्टर. आता वय पन्नाशीच्या पुढं. आम्ही गेलो तेव्हा भाकरी थापत होत्या. नाझिया म्हणाली, "ताई, वजन उचलताना पाठ कशी असते, तेवढं दाखवता का?"

बाईंनी हात धुतले, इकडं तिकडं बघितलं आणि कोपऱ्यातला भरलेला गॅस सिलिंडर उचलून छातीशी धरला! भालेराव सर ताडकन उठले. "अहो ताई, ठेवा, ठेवा! सेफ्टीचा प्रश्न आहे!"

आमची नाझिया म्हणजे चित्र काढायला बसली की घड्याळ विसरते. आधी पाठ, मग मनगटं, मग पायाची बोटं. सरांना घाम फुटला. बाईंचा चेहरा ढिम्म. वर नाझियालाच म्हणतात, "आरामात काढ बेटा. मला घाई नाय, या सरांनाच हाय."

*

छापायच्या आधी प्रत्येक पुस्तक मी तिसरीच्या वर्गात वाचून दाखवते. पोरं फार प्रामाणिक असतात, कंटाळा आला की सरळ जांभई देतात. विहिरीत पोहायला शिकून पुढं स्पर्धा गाजवलेल्या बाईंचं पुस्तक वाचत होते. मला वाटलं, मुली विचारतील, घरच्यांनी विरोध केला का, भीती वाटली का. एक पोरगी उठली. "बाई, त्यांच्या विहिरीत कासव होतं का?"

"माहीत नाही बाळा."

"मग काय विचारलं तुम्ही त्यांना?"

वर्ग खो खो हसला. नाझियानं गंमत म्हणून विहिरीच्या तळाशी एक छोटं कासव काढलं. सर म्हणाले, "हे मंजूर ड्रॉइंगमध्ये नाही, रिजेक्ट." आम्ही तरी ठेवलं.

पुस्तक छापून बाईंकडं पोचलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन. आवाज असा चढलेला! "कासवाचं तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर माझ्या आईलाबी सांगितलं नव्हतं!"

*

आता कुसुमबाई. सिल्लोडच्या. मुलींच्या धावण्याच्या शर्यतीत राज्यापर्यंत गेलेली त्या भागातली पहिली मुलगी. भिंतीवर काचेत लावलेली तीन सर्टिफिकेटं, त्यावर ठळक नाव. आणि घरात एक नात, साक्षी, नववीतली. रोज पहाटे ग्राउंडवर पळायला जाते. का? तर "माझी आजी पळायची!" येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती सर्टिफिकेटं दाखवते. आम्हालाही दाखवली, दोनदा.

कुसुमबाई शर्यत अशी सांगायच्या की अंगावर काटा यावा. "येणी सुटलेली, लाल रिबीन मागं उडत व्हती, टाचा तर दिसतबी नव्हत्या!" मी भराभरा लिहून घेतलं. पण नाझियाचं चित्र काही पुढं सरकेना. एक दिवस ती म्हणाली, "मॅडम, एक बोलू? रिबीन मागं उडतेय, टाचा दिसत नाहीत... हे पळणाऱ्याला दिसतंच कसं? आजी सगळी रेस बाजूला उभं राहून सांगतायत."

मी वही काढून लिहून घेतलेलं सगळं परत वाचलं.

परत गेलो. साक्षी शाळेत होती. मी भीत भीत विचारलं. कुसुमबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "म्या नाय पळाले, बाई. पळाली ती इमल. माझी मैतरीण. तिचा बाप फारमावर सही करंना, माझ्या बापानं केली. नाव माझं, पाय तिचे. लग्नात आईनं ती कागदं माझ्यासंगं दिली, सासऱ्यानं हौसंनं भिंतीला लावली. मला तवा तोंड उघडवलं नाय. आता पोरीला कळलं तर ती पळायचं सोडील, अन् माझ्याशी बोलायचीबी नाय."

परतीच्या वाटेवर गाडीत आमचं कडाक्याचं भांडण झालं. सर म्हणाले, "चुकीचं लेबल लावून माल बाहेर जाणार नाही." मी म्हटलं, "सर, तो माल नाही, म्हातारी बाई आहे! गुमान दुसरं पुस्तक करू." खरं सांगते, मला कुसुमबाईंचा रागही आला होता आणि त्यांची दयाही येत होती. नाझिया एवढंच म्हणाली, "त्या इमलबाईंना तर कुणी विचारलंच नाही."

म्हणून विमलबाईंना शोधलं. शेजारच्याच गावात, मुलाच्या शेतात कापूस वेचत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि हसल्या. "छापा की कुसीचंच नाव. मला पळाया मिळालं, ते का थोडं झालं?"

हा निरोप कुसुमबाईंना सांगितला, तर त्या रडायलाच लागल्या. आम्हाला वाटलं सुटका झाली म्हणून. डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तिला घेऊन या. पोरीच्या म्होरं सांगते."

रविवारी दुपारी विमलबाईंना घेऊन गेलो. कुसुमबाईंनी साक्षीला अंगणात बोलावलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पोरीचा चेहरा लालबुंद झाला. आजीकडं ती बघेचना. विमलबाईंकडं वळून म्हणाली, "खोटं! तुम्ही पळायच्या? मग पळून दाखवा!"

मी म्हटलं, "साक्षी, अगं वय काय त्यांचं, असं बोलतात का?"

पण विमलबाई उठल्यासुद्धा. पदर खोचला, चपला काढल्या, अंगणाच्या या टोकाला गेल्या आणि गुडघ्यावर हात देत देत खाली वाकून दहाही बोटं मातीत टेकवली. पाय मागं, मान वर. पोरीची नजर त्या बोटांवर खिळली. ग्राउंडवर रोज पळायच्या आधी तीही तशीच बसत असणार.

आणि तेवढ्यात, कुणीही काही सांगितलेलं नसताना, कुसुमबाईंनी त्या चपला उचलल्या, छातीशी धरल्या आणि लगबगीनं चालत अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या.

साक्षीनं पहिल्यांदा आजीकडं बघितलं. "आजी, तू तिकडं कशाला गेलीस?"

"कशाला म्हंजी?" कुसुमबाई तिथनंच ओरडल्या. "पळून झाल्यावर ती काय अनवाणी घरी जाईल व्हय?"